वर्धमानच्या चेहऱ्यावरचं तेज

माझा धाकटा भाऊ वर्धमान याला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी अंघोळीची भीती वाटू लागली. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी वाटेल. आम्हीही ती तशीच नेली, आणि तिथेच चुकलो.

वर्धमानचं सांगलीत ठिबक सिंचनाचं दुकान आहे. पाइप, फिल्टर, व्हॉल्व्ह आणि थेंब थेंब पाणी सोडणारे ते चिमुकले ड्रिपर. गिऱ्हाईक पार जत-आटपाडीपासून येतं. माणूस नियमाचा पक्का. पहाटे पाचला अंघोळ, साडेपाचला बस्तीत म्हणजे आमच्या जैन मंदिरात अभिषेक, सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. आणि भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे शेवटचे तीन दिवस निर्जळी उपवास, सलग चोवीस वर्षं. पाण्याचा थेंब नाही. तीन दिवस दुकानाच्या गल्ल्यावर बसून लोकांना पाणी कसं सोडायचं ते सांगायचं आणि स्वतः कोरडं राहायचं, याचा त्याला अभिमान होता. असू दे. कशाचा तरी असतोच प्रत्येकाला.

तर अंघोळ. अंगावर पाणी पडलं की दहा मिनिटांत त्याला खाज सुटायची. पुरळ नाही, गांधी नाही, नुसती खाज, आणि तीही अशी की माणूस नाचेल. सोवळ्यात, हातात कलश घेऊन तो अभिषेकाला उभा राहायचा आणि हळूच मागे सरकून बस्तीच्या दगडी खांबाला पाठ घासायचा. लोकांना वाटायचं, अण्णा भक्तीनं डोलायलेत.

घरात आधी साबणावर आळ आला. सहा साबण बदलले. मग माझी भावजय चंदनबाला हिच्या कपड्याच्या पावडरीवर आला. तिनं आठ दिवस त्याचे कपडे नुसत्या पाण्यात धुतले आणि आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग पाण्यावर. वर्धमाननं दुकानातला दोन इंची फिल्टर आणून न्हाणीघरात बसवला. द्राक्षबागेला लागतो तेवढा फिल्टर, एका माणसाच्या अंघोळीला! खाज तशीच.

शेवटी त्यानं मला साताऱ्याला फोन केला. मी तिथल्या कॉलेजात चौतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे माणूस सोडून कुठल्याही प्राण्याबद्दल मला विचारायला हरकत नाही. पण मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, गप्प कशी बसेन?

"खरूज आहे," मी सांगून टाकलं. "औषध आण आणि घरातल्या सगळ्यांनी लावा. एकानं लावून उपयोग नाही."

"अक्का, चंदनाला तर काय बी होत न्हाई."

"लावायला सांग."

लावलं. पुण्याला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा सम्मेद शनिवार-रविवारसाठी आला होता, त्यालाही लावलं. तो सोमवारी ऑफिसात गेला तेव्हा औषधाच्या वासानं शेजारच्या दोघांनी खुर्च्या लांब ओढल्या म्हणे. वर्धमानची खाज मात्र एका नखानंही कमी झाली नाही.

आणि हे सगळं चालू असताना त्याचा चेहरा लाल होत होता. गाल, कान, नाकाचा शेंडा, सगळं डाळिंबासारखं. डोळ्यांतसुद्धा लाली. बस्तीत बायका एकमेकींना सांगायच्या, "अण्णांच्या चेहऱ्यावर काय तेज आलंय बघा! चोवीस वर्षांचं तप हाय ते." मीसुद्धा दिवाळीत गेले तेव्हा म्हटलं होतं, वर्धमान, तब्येत छान झाली हो तुझी. मीही त्या तेजाला फसले. लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी माझ्या तोंडावर फेकायच्या आत माझं मीच सांगितलेलं बरं.

भांडं फुटलं ते महावीर जयंतीला. बस्तीच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर होतं. वर्धमान दरवर्षी पहिला नंबर लावायचा. बोटाला सुई टोचून तिथल्या तंत्रज्ञ मुलीनं हिमोग्लोबिन बघितलं, यंत्र झटकलं, परत बघितलं. मग दुसरं यंत्र आणलं.

"अण्णा, तुम्हाला रक्त देता येणार नाही."

"का? कमी हाय?"

"जास्त आहे. वीस पूर्णांक एक."

"म्हंजे जास्त असलं तर नापास?"

त्याला अपमान वाटला, पण तो फक्त दारापर्यंतच टिकला. दारातच त्याच्या दुकानाशेजारचा भाऊसो भेटला. भाऊसोचा फ्लेक्स छापायचा धंदा, आणि उत्सव समितीतही तो असतोच. त्यानं हॉलभर ओरडून सांगितलं, "अण्णांचं रक्त वीस! आमचं सगळ्यांचं तेरा-चौदा!" मग काय! दोन दिवस वर्धमान येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वीस पूर्णांक एक सांगत होता, दहावीचे मार्क सांगावेत तसे. मलाही फोन करून सांगितलं.

वीस, लाल चेहरा, अंघोळीनंतर खाज. प्राणिशास्त्रवाल्या माणसाला एवढं तरी जुळवता यायला हवं होतं आणि सहा महिने आधी जुळवता यायला हवं होतं.

"वर्धमान, उद्या रक्तविकाराच्या डॉक्टरकडे जा. उद्याच."

"अक्का, आजारी माणसाचं रक्त कमी होतंय. माझं वाढलंय."

"तोच आजार आहे गाढवा."

डॉक्टर बाई चाळिशीच्या, शांत स्वभावाच्या. मी त्या दिवशी एसटीनं कराडमार्गे सांगलीला जाऊन हजर राहिले, कारण वर्धमान ऐकतो एक आणि घरी सांगतो दुसरंच. तपासण्या झाल्या, कमरेच्या हाडातला मगजही काढून तपासला. मग बाईंनी समजावलं. हाडांच्या पोकळीत रक्ताच्या पेशी तयार होतात. शरीराला पुरेशा झाल्या की काम थांबवायचा निरोप जातो. वर्धमानच्या मगजातल्या एका जनुकात आयुष्यात कधीतरी बदल झाला होता, त्यामुळे थांबायचं बटणच अडकलं होतं. तांबड्या पेशी बेसुमार, पांढऱ्या आणि गोठवणाऱ्या पेशीही जादा.

वर्धमाननं थोडा विचार केला. "म्हंजे मोटर ऑटोवर अडकलीया. टाकी भरून वाहायलीय तरी बंद होईना."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "आणि टाकीतलं पाणीही पाणी राहिलेलं नाही, घट्ट झालंय. शंभर भाग रक्तात तांबड्या पेशी पंचेचाळीस भागांच्या आत हव्यात. तुमच्या साठ आहेत. असं घट्ट रक्त बारीक नळ्यांत गोठतं. मेंदूत गोठलं तर पक्षाघात, हृदयात गोठलं तर झटका."

मी विचारलं, कारण कुणीतरी विचारायला हवंच होतं, "हा कॅन्सरचा प्रकार ना?"

चंदनबालाच्या हातातली पिशवी खाली पडली. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. हो, रक्ताचा, पण संथ चालीचा. पुरता बरा होत नाही, ताब्यात मात्र राहतो. औषध नीट घेतलं तर माणसं पंचवीस-तीस वर्षंही काढतात. अधूनमधून रक्त काढायचं, रोज छोट्या डोसची रक्त पातळ ठेवणारी गोळी, साठीच्या पुढे आहात म्हणून पेशी कमी करणारी एक गोळी, आणि पाणी भरपूर. दिवसाला अडीच लिटर.

"मुलाला होतंय का?" चंदनबालानं विचारलं. "लग्नाचं बघायलोय त्याच्या."

"हा बदल आईवडिलांकडून आलेला नाही, मुलाकडेही जात नाही. लग्न लावा."

मग चंदनबालानं पिशवी उचलली.

पहिल्यांदा साडेतीनशे मिली रक्त काढलं तेव्हा वर्धमान नळीकडे टक लावून बघत होता. पिशवी भरल्यावर त्यानं विचारलं, "कुणाला देणार हे?"

"कुणाला नाही. टाकून द्यायचं," नर्स म्हणाली.

"टाकून? वीस पूर्णांक एक?"

तो दोन दिवस जेवताना बोलला नाही. शिबिरातून परत पाठवलेलं समजण्यासारखं होतं, पण कचऱ्यात म्हणजे अतीच झालं.

दर पंधरा दिवसांनी रक्त काढायचं ठरलं. चौथ्या वेळी डॉक्टर बाईंच्या कपाळाला आठी पडली. काढतोय तेवढं परत भरतंय, आणि अपेक्षेपेक्षा फार लवकर. मी पुन्हा एसटी पकडली. घरात शिरले तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर खजूर, काळे मनुके, सोललेल्या डाळिंबाचं ताट, शेंगदाण्याचा गूळ घालून केलेला लाडू, आणि त्या सगळ्यामागे लोहाच्या टॉनिकच्या दोन बाटल्या. एक रिकामी.

"चंदना, हे काय?"

"अक्का, एवढं रक्त काढून घेत्यात हो त्यांचं. भरून नको काढायला?"

तिचं काय चुकलं सांगा. आपल्याकडे बाळंतीण असो, ऑपरेशन असो, रक्त गेलं की टॉनिक. जास्त झालेल्या रक्तावर काय द्यायचं हे तिला कुठल्या आईनं शिकवायचं? पण मला तेव्हा एवढा शहाणपणा सुचला नाही. मी ओरडलेच.

"अगं, टाकी वाहतेय म्हणून आम्ही खालून कॉक सोडतोय, आणि तू वरून टँकर ओततेस!"

ती रडली. मग मलाच वाईट वाटलं. फळं राहू देत, पण टॉनिक बंद, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लोहाचा थेंब नाही, असं ठरलं. राहिलेली बाटली तिनं अंगणातल्या जास्वंदीला घातली. जास्वंद म्हणे बरी फुलली. मला त्यावर काही म्हणायचं नाही.

श्रावणापर्यंत साठाचे त्रेपन्न झाले. खाजही थोडी उतरली. आणि मग भाद्रपद आला.

भाऊसोनं कुणालाही न विचारता कोपऱ्यावर दहा बाय आठचा फ्लेक्स लावला. त्यात वर्धमानचा गेल्या वर्षीचा लालबुंद फोटो, मागे सूर्यकिरणं, आणि खाली: 'सलग पंचविसावे वर्ष! तीन निर्जळी उपवास! तपस्वी श्री. वर्धमान अण्णा यांच्या तेजास त्रिवार वंदन!' पारण्याची, म्हणजे उपवास सोडण्याची मिरवणूक ठरली होती. बँडवाल्याला विसार देऊन झाला होता.

डॉक्टर बाईंनी निक्षून सांगितलं होतं, पाण्याशिवाय एक दिवससुद्धा नाही. वर्धमाननं मान हलवली होती. ती मान मी साठ वर्षं ओळखते. हलते तेव्हा नकार असतो.

"चोवीस वर्षांत काय झालं न्हाई," तो मला म्हणाला.

"चोवीस वर्षं रक्त पातळ होतं."

"तीन दिवसांचा तर प्रश्न हाय, अक्का. तिकडं फ्लेक्स लागलाय."

"मग फ्लेक्सला उपवास करू दे!"

तो उठून दुकानात गेला. मी त्याच्या मागोमाग. तीन दिवस सोडायचंच नाही त्याला, असं मी ठरवलं होतं. गल्ल्याजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. त्या दिवशी त्याचं एकाशन होतं, म्हणजे दुपारी एकदाच जेवण आणि त्याच वेळी एकदा पाणी. ते होऊन गेलं होतं. उपवासाचा नियम संध्याकाळी बस्तीत चातुर्मासाला राहिलेल्या मुनिमहाराजांसमोर घ्यायचा होता.

चारच्या सुमारास म्हसवडकडचा हरिबा आला. त्याचा बाप मेंढरं घेऊन फिरायचा. हरिबानं निम्मी मेंढरं ठेवून दोन एकरांवर डाळिंब लावलंय आणि ठिबक वर्धमानकडून नेलंय. खांद्यावरचं घोंगडं खाली टाकून त्यानं पिशवीतून दहा-बारा ड्रिपर गल्ल्यावर ओतले. सगळ्यांची तोंडं पांढऱ्या क्षारांनी बुजलेली.

"शेट, तुमचा माल खराब निघाला. पानी येईना झालंय. निम्मी झाडं सुकाय लागल्यात."

वर्धमानला मालाबद्दल बोललेलं खपत नाही. त्यानं एक ड्रिपर उचलला आणि उजेडाकडे धरला.

"पाणी कितीदा सोडलंस?"

"मोटर जळली हुती. आठ दिस बंदच हुतं."

"बंद हुतं म्हणतोस आणि माल खराब म्हणतोस? तुला किती वेळा सांगितलंय हरिबा, तुमच्याकडचं पाणी जड हाय. जड पाणी वाहतं ठेवायचं. बंद केलंस की जागच्या जागी बसतंय, नळ्या चोंदत्यात. एक दिवस बी लाइन कोरडी ठेवायची न्हाई. आधी टोकं उघड आणि भरपूर पाणी सोडून धुऊन काढ. पाणी घालायला कंजुषी केलीस तर झाड मरंल, माझ्याकडं येऊन रडू नको."

मी काही बोलले नाही. हे माझ्याकडून क्वचित होतं, म्हणून नोंदवते. नुसती त्याच्याकडे बघत राहिले. हरिबाही बघत होता, पण वेगळ्याच गोष्टीकडे.

"शेट, तुमचं त्वांड लय लाल झालंय."

"तेज हाय ते," वर्धमान म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"असंल. आमच्या मेंढराचं असं डोळं-कान लाल झालं तर आमी रगात चढलं म्हनतो. कानाला जरा चिरा देऊन रगात सोडतो आन् मेंढरू पान्यावर न्हेतो. पानी प्यालं तर जगतंय."

"आणि नाही प्यालं तर?" मी विचारलं.

"आवं बाई, मग त्याच दिशी बाजार. पानी न पिनाऱ्या मेंढराचा काय भरवसा?"

वर्धमान हसला नाही. नळ्या धुण्याच्या औषधाचं प्रमाण लिहून द्यायला त्यानं पेन उचललं आणि पेन त्याच्या बोटांतून गळून पडलं. त्यानं परत उचललं. परत पडलं. उजव्या हाताची बोटं मिटतच नव्हती. "अक्का," तो म्हणाला, आणि तो शब्द तोंडात लटपटला.

मी घाबरले. इथे शौर्य सांगत नाही. हरिबानं मात्र एका झेपेत बाहेर जाऊन रिक्षा आडवी घातली आणि वर्धमानला घोंगड्यात गुंडाळून उचलून आत बसवलं. वाटेत त्यानं बाटली पुढे केली तर मीच अडवली. ओठ लटपटतायत, पाणी श्वासनलिकेत जायचं. दवाखान्यात पोचेपर्यंत बोटं हलायला लागली होती. वर्धमान म्हणत होता, "हात झोपला हुता नुसता. चला परत." ऐकतंय कोण! स्कॅन झालं, सलाइन लागलं, आणि त्याच टेबलावर आणखी साडेतीनशे मिली रक्त काढलं.

डॉक्टर बाई त्याच्या पायाशी बसल्या. "बारीक गुठळी येऊन गेली. दहा मिनिटांत सुटली. पुढची सुटेलच असं नाही."

वर्धमान छताकडे बघत होता. तसंच बघत म्हणाला, "अक्का, मी त्या हरिबाला काय सांगितलं गं मघाशी?"

"ऐकलंय मी."

"एक दिवस बी लाइन कोरडी ठेवायची न्हाई."

"हं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू चांगलं समजावत होतास. मध्ये कशाला बोलू?"

बाईंनी त्याला दोन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला तो थेट बस्तीत निघाला. चंदनबाला एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. हॉल भरलेला होता. भाऊसो पुढे धावला. त्याला वाटलं, अण्णा राहिलेल्या एका दिवसाचा तरी उपवास घेणार, फ्लेक्स थोडा तरी वाचेल.

वर्धमाननं महाराजांसमोर श्रीफळ ठेवलं आणि हात जोडले. "महाराज, नियम द्या."

"कसला?"

आता पेच असा की महाराज स्वतः दिवसातून एकदाच पाणी घेणारे. त्यांच्यासमोर हे मागायचं! वर्धमानचे कान आणखी लाल झाले. "सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अडीच लिटर पाणी. गाळून, उकळून. रोज."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. चंदनबालानं वळून अशी नजर टाकली की ते हसणं अर्ध्यावर मेलं.

"किती दिवस?" महाराजांनी विचारलं.

"आजन्म."

महाराज म्हणाले, "तीन दिवस पाणी सोडणारे मी पुष्कळ पाहिलेत. हे रोजचं आहे. अवघड आहे. घे." आणि आशीर्वादाला मोरपिसांची पिंछी उचलली.

तिथल्या तिथे चंदनबालानं पिशवीतून बाटली काढून त्याच्या हातात दिली.

चोवीस वर्षं तीन उपवास न मोडणारा माणूस पाण्याचा नियम काय मोडणार? आता दुकानाच्या गल्ल्यावर अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या पाच बाटल्या ओळीनं असतात. गिऱ्हाईक बोलत असलं तरी मधेच हात वर करून तो बाटली तोंडाला लावतो. आणि बोलता बोलता उठून मागेही जातो, त्याला इलाज नाही. हिवाळ्यात सूर्य सहाला मावळतो, तेव्हा साडेपाचपासून घरात धावपळ. एकदा पाचवी बाटली सांडली तर चंदनबालानं मावळतीकडे एक डोळा ठेवून पळत पाणी आणलं. गोळ्या चालू आहेत, दर महिन्याला तपासणी आहे. पेशी चव्वेचाळीसवर आल्या आहेत, रक्त काढायची वेळ आता क्वचित येते. खाज अजून येते अधूनमधून. बस्तीचा खांब आहेच.

मिरवणूक अर्थातच झाली नाही. बँडवाल्यानं विसार परत दिला नाही, भाऊसोनं फ्लेक्स काढला नाही. त्यानं 'पंचविसावे'वर पट्टी चिकटवून 'चोवीस' केलं आणि 'निर्जळी' तसंच ठेवलं. दिवाळीनंतर हरिबा नवे ड्रिपर न्यायला आला, तेव्हा त्यानं तो फ्लेक्स मागून घेतला. कोकरांच्या वाड्यावर टाकायला चांगला, मेणकापडासारखा.

मागच्या आठवड्यात मी सांगलीला होते. हरिबानं फोनवर फोटो पाठवला होता. म्हसवडच्या माळावर लाकडाचं कुंपण, वर छपराला माझा भाऊ सूर्यकिरणांसकट पसरलेला, आणि खाली वीस-पंचवीस कोकरं डोणीत तोंड घालून पाणी पिताहेत. खाली त्यानं लिहिलं होतं, 'शेट तुमच्या धाकानं पित्यात.'

चंदनबाला हसून हसून खाली बसली. वर्धमाननं चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला आणि पुष्कळ वेळ स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"अक्का," तो म्हणाला, "लई लाल हुता गं मी."

"होतास."

"कुणी बोललं कसं न्हाई?"

मी घड्याळ बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि चौथी बाटली अजून भरलेली होती.

"पाणी पी आधी," मी म्हटलं.